मराठी शब्दकार्डांचे संच: दुसरी ते चौथीसाठी काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

मराठी शब्दकार्डांचा संच घेताना लोक कार्डांची संख्या बघतात, चित्रं बघतात, डबा भक्कम आहे का ते बघतात. कार्ड उलटून मागे काय छापलंय ते सहसा कुणी बघत नाही. संच कामाचा की शोभेचा, ते मात्र त्या मागच्या बाजूवरच ठरतं.

अप्पा बळवंत चौकात घ्या, दादरला घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, प्रकार तेच असतात: चित्र-शब्दकार्डं, चुंबकी किंवा लाकडी सुटी अक्षरं, जोडाक्षरांच्या चकत्या-पट्ट्या आणि शुद्धलेखन सरावाच्या वह्या. अलीकडे त्यांत मोबाइलवरच्या अ‍ॅपची भर पडली आहे. हे परीक्षण कुठल्या एका छापाचं नाही, या प्रकारांचं आहे. अक्षरओळख झालेलं, काना-मात्रा वाचणारं, पण लिहिताना अडखळणारं मूल डोळ्यांसमोर आहे.

नेहमीच्या संचात एका बाजूला रंगीत चित्र आणि शब्द असतो, मागे एकतर कोरं किंवा तोच शब्द इंग्रजीत. कमळ, बदक, मगर, गवत इथून सुरुवात, मग काना, वेलांटी, उकार. पहिलीच्या मुलाला वाचनाची गोडी लावायला एवढं पुरतं. दुसरीत ‘फूल’ वाचता येतं, पाठ होतं, श्रुतलेखनात बरोबरही येतं. आणि त्याच आठवड्यात वहीत ‘फूलात मध असतो’ असं वाक्य येतं. आता चूक कुणाची? मुलाने कार्डावर दीर्घ ‘फू’ पाहिला, तो इमानेइतबारे लिहिला.

मराठी शब्दाला प्रत्यय लागला की शब्द आतून बदलतो. स्पेलिंग पाठ करणं आणि शब्द वाक्यात वापरणं या इंग्रजीत दोन पायऱ्या धरता येतील, मराठीत त्या वेगळ्या करताच येत नाहीत. बाजारातले बहुतेक संच नेमके इथे कच्चे आहेत. ते शब्दाचं नाव सांगून थांबतात.

मागच्या बाजूला काय हवं

शुद्धलेखनाचे नियम म्हटलं की पालकांना धास्ती वाटते. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले. या १८ पैकी प्राथमिक शाळेत रोज लागणारे चार-पाचच आहेत, आणि चांगल्या कार्डावर ते नियम म्हणून न लिहिताही दाखवता येतात.

पहिला गट फूल, दूध, मीठ, पीठ, तूप, पूल, जीभ, वीट, ऊस, सून यांचा. शेवटचं अक्षर अकारान्त, म्हणून त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ. प्रत्यय लागला की ऱ्हस्व: दुधात, मिठाचा, पुलावर, जिभेला, विटेने, उसाचा, सुनेला. गरीब, वकील, जमीन, विहीर, बहीण हे तीन अक्षरी शब्दही याच वाटेने जातात: गरिबाला, वकिलाने, जमिनीवर, विहिरीत, बहिणीला.

दुसऱ्या गटात लाकूड, माणूस, बेरीज, पाऊस, देऊळ. तीन अक्षरं, पण पहिलं अक्षर दीर्घ. इथे वेलांटी-उकार ऱ्हस्व होत नाही, नाहीसाच होतो: लाकडाचं, माणसाला, बेरजेत. ऊ असेल तर त्याचा व होतो: पावसात, देवळात. (‘वाघीण’ या रांगेत बसत नाही. वाघिणीला, वाघिणीचा. स्त्रीलिंगी ‘-ईण’ची कार्डं वेगळी ठेवलेली बरी.)

तिसरा गट बदलायला तयार नसलेल्या शब्दांचा, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले. शरीर-शरीरात, गीत-गीतात, रूप-रूपाने. पहिले दोन गट नीट शिकलेलं मूल हमखास ‘शरिरात’ लिहितं. ही चूक दिसली तर घाबरू नये. नियम डोक्यात बसल्याची ती खूण आहे, आता अपवाद दाखवायची वेळ झाली इतकंच. देऊळ आणि मंदिर ही कार्डं शेजारी ठेवली की फरक न सांगता कळतो: देवळात, मंदिरात.

आणि शब्दाच्या अगदी शेवटी इकार-उकार आला की तो दीर्घ: पाणी, गाडी, लाडू, चाकू, कवी, गुरू. या वयात लागणारे ठळक अपवाद म्हणजे ‘आणि’, ‘नि’ आणि ‘परंतु’. ते एका कार्डावर लिहून भिंतीला लावून टाकावेत.

तेव्हा दुकानात संच उघडायला सांगा आणि ‘फूल’, ‘विहीर’, ‘लाकूड’, ‘शरीर’ अशी कार्डं काढा. चारही सापडली नाहीत तरी प्रत्येक गटातलं एखादं सापडतंच. मागे फक्त इंग्रजी शब्द असेल तर तो पहिलीचा संच आहे, दुसरी-तिसरीसाठी पैसे घालू नयेत. मागे अनेकवचन असेल (फूल-फुलं) तर बरा. मागे प्रत्यय लागलेली दोन-तीन रूपं आणि एखादं छोटं वाक्य असेल तर घ्या, मग चित्रं जरा फिकी असली तरी चालतील.

‘नव्वद कार्डं’, ‘दीडशे शब्द’ या आकड्यांना फार भुलू नये. किमतीला एकूण कार्डांनी न भागता आपल्या मुलाला अजून न येणाऱ्या शब्दांच्या कार्डांनी भागावं. तिसरीतल्या मुलासाठी शंभर कार्डांच्या डब्यातली साठ-सत्तर ‘कप, बस, घर’ या पातळीची निघतात आणि स्वस्त दिसणारा संच एकदम महाग ठरतो.

छापील चुका ओळखायच्या कशा

शुद्धलेखन शिकवणाऱ्या साहित्याच्या वेष्टनावरच ‘शुध्दलेखन’ छापलेलं आढळतं. द आणि ध यांची अदलाबदल ही टायपिंगची जुनी खोड आहे. द् आधी, ध नंतर, म्हणून शुद्ध, प्रसिद्ध, पद्धत. वेष्टनावर ‘ध्द’ दिसला तर आतली जोडाक्षरं तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘विद्यार्थी’चं कार्ड असेल तर तेही पाहावं. तिथे द् ला य जोडलेला असतो, ध ला नव्हे.

दुसरी तपासणी रफाराची. ‘आशीर्वाद’ हा शब्द दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर ‘आर्शिवाद’ होऊन बसतो. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर असतो त्याच्या आधी उच्चारला जातो: आ-शी-र्-वा-द, म्हणून तो ‘वा’वर. ही चूक कार्डावर असेल तर मुलाच्या हातात ती जन्मभर राहते. याच घरातली दुसरी जोडी दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. काही संचांत ‘ऱ्य’ साठी अक्षरच नसतं, मग ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ आणि ‘पायऱ्या’चं ‘पायर्या’ होतं. चौथीच्या मुलासाठी घ्यायच्या संचात हे चालवून घेऊ नये.

तिसरी तपासणी ‘ऋ’च्या कार्डाची. वर्णमालेचा भाग असलेल्या संचात ऋ ला बहुधा ऋषीच सापडतो. तिथे ‘ऋषि’ असं ऱ्हस्व छापलं असेल तर संच हिंदीवरून उतरवलेला आहे असं समजायला हरकत नाही. हिंदीत कवि, गुरु, शक्ति बरोबर, मराठीत कवी, गुरू, शक्ती. त्याच संचात मग पाकळ्यांच्या ‘ल’ऐवजी दंडाचा ‘ल’ मिळतो, ‘श’चं वळण पाठ्यपुस्तकातल्यासारखं नसतं आणि ‘ळ’ शेवटी कुठेतरी कोंबलेला असतो किंवा नसतोच. बाळ, फळा, शाळा, सकाळ, मुळा, काळा हे शब्द ज्या संचात नाहीत तो मराठी मुलाच्या दिवसातले निम्मे शब्द गाळूनच बसला म्हणायचं.

‘बाराखडी’ लिहिलेला तक्ता सोबत असेल तर तोही मोजून पाहावा. २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमालेत ॲ आणि ऑ आले, तेव्हापासून शाळेत चौदाखडी शिकवतात. जुन्या बारा खान्यांच्या तक्त्यात बॅट, कॅरम, डॉक्टर, ऑफिस लिहायला जागा नाही, आणि मुलं रोज बोलतात ते शब्द हेच.

नुसती नामं, क्रियापदं गायब

शब्दसंपत्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या संचांतही जवळजवळ सगळी नामंच असतात, कारण नामांचं चित्र काढणं सोपं. ‘ओतणे’चं चित्र काढायला विचार करावा लागतो, ‘निथळणे’चं आणखी अवघड. पण शब्द वापरता येणं म्हणजे त्याचं जोडीचं क्रियापद माहीत असणं. कणीक मळतात, भाकरी थापतात, पोळी लाटतात, ताक घुसळतात, लोणी कढवतात, धान्य पाखडतात, विहिरीतून पाणी शेंदतात, गाईची धार काढतात. हे माहीत नसलं की मूल सगळीकडे ‘करणे’ लावून मोकळं होतं: भाकरी करतात, ताक करतात, कणीक करतात. चुकीचं नाही, पण भाषा तिथेच खुंटते.

संच असाच असेल तर तो फेकू नये. प्रत्येक नामाच्या कार्डावर पेन्सिलीने एक क्रियापद लिहावं. ‘सुई’वर ओवणे, ‘दोरी’वर वळणे, ‘चटणी’वर वाटणे, ‘शेंगा’वर सोलणे. पेन्सिलीनेच, कारण घराघरांत क्रियापदं बदलतात आणि आजी दुसरं काही सुचवेल तर ते खोडून लिहिता आलं पाहिजे.

चित्रांबद्दल एकच सांगण्यासारखं. एका चित्राला दोन शब्द लागू होत असतील तर ते कार्ड श्रुतलेखनाला वापरू नये. तळं, तलाव, सरोवर या तिन्हींचं चित्र एकच असतं. मूल ‘तळं’ म्हणालं आणि कार्डावर ‘तलाव’ निघाला तर त्याला चूक ठरवणं अन्याय आहे. बोलीचंही तसंच. विदर्भात-खानदेशात घरी ‘डोया’ ऐकणाऱ्या मुलाला ‘डोळा’ लिहायला लावताना ‘तू चुकीचं बोलतोस’ असं न म्हणता ‘घरी डोया, वहीत डोळा’ एवढंच सांगितलं की काम होतं.

सुटी अक्षरं: दिसायला छान, वाक्य मात्र होत नाही

फ्रिजवर चिकटणारी चुंबकी अक्षरं मुलांना फार आवडतात. इंग्रजीत ती चालतात, कारण अक्षरामागे अक्षर ठेवलं की शब्द तयार. देवनागरीत मात्रा वर, उकार खाली, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. प्लॅस्टिकचा ‘क’ घेतला तर त्याच्या खाली उकार टेकवायला जागा नाही, आणि अर्धा ‘क’ हवा असेल तर तो डब्यात नाही.

संख्येचा हिशेब तर कुणी केलेलाच नसतो. ‘मुलांनी फुलांना पाणी दिलं’ या चार शब्दांच्या वाक्याला तीन ‘ल’, दोन ‘न’, चार काने, तीन अनुस्वार, दोन दीर्घ वेलांट्या, दोन ऱ्हस्व उकार आणि एक ऱ्हस्व वेलांटी लागते. बऱ्याच डब्यांत प्रत्येक अक्षर एकदाच आणि कानेही मोजून दोन. मग वाक्य राहू द्या, ‘कारखाना’ एवढा एक शब्दही लागत नाही, त्याला तीन काने हवेत. घ्यायचाच असेल तर निदान सहा काने, चार अनुस्वार, ल, न, त, र, म, ण, च यांच्या प्रत्येकी तीन प्रती आणि वेगळी अर्धी अक्षरं असलेला संच बघावा. तसा न मिळाल्यास जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून कापलेल्या कागदी चौकटी जास्त कामाला येतात. अक्षर मधल्या पट्ट्यात लिहून वर मात्रेला आणि खाली उकाराला मोकळी जागा सोडायची, म्हणजे प्लॅस्टिकची अडचण सुटते.

जोडाक्षरांची फिरती चकती त्यामानाने बरी. आतल्या चकतीवर अर्धं अक्षर, बाहेरच्या चकतीवर पूर्ण. पण ती फिरवताना ‘ट्प’, ‘ग्छ’ असली निरर्थक जोडाक्षरंही तयार होतात आणि मुलं त्यातच रमतात. त्यापेक्षा पट्टी चांगली: एका पट्टीवर एकच जोडाक्षर आणि त्याचे पाच खरे शब्द. ‘न्ह’ची पट्टी: उन्हाळा, उन्हात, चिन्ह, पन्हं, तान्हा. ‘म्ह’ची पट्टी: म्हैस, म्हातारा, आम्ही, तुम्ही, म्हणून. ‘उनाळा’ आणि ‘तुमी’ या चुका इथे सुटतात, कारण बोलताना तो ‘ह’ इतका हलका येतो की कानाला लागत नाही.

सरावाच्या वह्या

दुरेघी वहीत एकेक शब्द दहा वेळा उतरवायचा, ही वहीची नेहमीची रचना. तिचा दोष एकाच पानात दिसतो. पहिली ओळ मूल छापील शब्दाकडे बघून लिहितं, पुढच्या ओळी आपल्याच आधीच्या ओळीकडे बघून. तिसऱ्या ओळीत ‘विहीर’ची ‘विहिर’ झाली की खालच्या सात ओळींत ‘विहिर’च उतरते. हस्ताक्षर सुधारतं हे खरं, शब्द मात्र डोक्यात चुकीचा पक्का होतो.

शुद्ध-अशुद्धचे दोन रकाने देणाऱ्या वह्या आमच्या मते याहून वाईट. ‘परीक्षा / परिक्षा, योग्य शब्दाला गोल करा.’ अजून कच्चं असलेलं मूल दोन्ही रूपं सारख्याच लक्षाने वाचतं आणि आठवड्याने त्याला दोन्ही ओळखीची वाटतात. शब्द पक्का झालेल्या मोठ्या मुलाला, स्पर्धा परीक्षेच्या तयारीला हा प्रकार ठीक. दुसरी-तिसरीत चुकीचं रूप छापून दाखवायचं कारण नाही.

चालणारी रचना साधी आहे. पानाचे उभे चार भाग. पहिल्या रकान्यात शब्द छापलेला, मूल तो मोठ्याने वाचतं आणि कुठे वेलांटी, कुठे उकार ते बोटाने दाखवतं. पान मोडून तो रकाना मागे जातो. दुसऱ्या रकान्यात न बघता लिहायचं. पान उघडून ताडायचं. तिसऱ्यात प्रत्यय लावलेलं रूप, चौथ्यात वाक्य. एका पानावर आठ शब्दांच्या वर असू नयेत. अशी वही तयार मिळाली तर उत्तम, नाहीतर साध्या वहीला घड्या घालून ती घरी होते.

संच आहे, आता वापरायचा कसा

एका आठवड्याला दहा कार्डं: सहा बदलणारी, दोन न बदलणारी, दोन जोडाक्षरांची. शुक्रवारी एकदम चाचणी घेण्यापेक्षा पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी तेच शब्द फिरवावेत. तीन पाकिटं ठेवावीत. चुकलेलं कार्ड पहिल्या पाकिटात परत, बरोबर आलेलं एकेक पाकीट पुढे. तिसऱ्यातून पार झालेलं कार्ड महिन्याने एकदा अचानक काढावं.

कार्ड दाखवून थेट लिहायला बसवू नये, आधी प्रश्न विचारावा. ‘मोळी कशाची?’ ‘लाकडाची.’ ‘आपण कशात भिजलो?’ ‘पावसात.’ मराठी घरातलं मूल तोंडाने ही रूपं बहुतेक वेळा बरोबरच म्हणतं. ‘लाकूडाची’ ही चूक जिभेची नसते, कार्डावरचं मूळ रूप डोळ्यांपुढे असल्यामुळे हाताकडून होते. म्हणून दुसऱ्या गटाला प्रश्नोत्तरं पुरतात. पहिल्या गटाला पुरत नाहीत, कारण फूल आणि फुलात यांतला ऱ्हस्व-दीर्घ फरक रोजच्या बोलण्यात कानाला जाणवण्याइतका येत नाही. तिथे ‘शेपूट लागलं की आखूड’ असं काहीतरी सूत्र लागतंच.

याच कारणाने श्रुतलेखनात ‘फूऽऽल’, ‘विहीऽऽर’ असं ताणून सांगू नये. मूल त्या दिवशी दहापैकी दहा घेतं आणि निबंधात, जिथे कुणी ताणून सांगणारं नसतं, तिथे चुकतं. वाक्य एकदा सलग वाचावं, मग दोन-तीन शब्दांच्या तुकड्यांत, मग पुन्हा सलग. तपासताना अख्ख्या शब्दावर काट मारू नये. ‘विहीरीत’ लिहिलं तर फक्त दुसऱ्या अक्षराच्या वेलांटीभोवती गोल करावा. चार अक्षरांतली तीन बरोबर आहेत आणि एकच दुरुस्त करायची आहे हे मुलाला दिसलं पाहिजे. दुरुस्ती त्यानेच करायची, आणि ती सुट्या शब्दाची नको, पूर्ण वाक्य परत लिहायचं.

च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार लिपीत वेगळे दिसत नाहीत. चमचा आणि चहा, जग आणि जीभ. परदेशात वाढणाऱ्या मुलांना, उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळांतून शिकणाऱ्यांनाही, कार्ड एकट्याने वाचायला दिलं की इथे हमखास अडकायला होतं. त्यांच्यासाठी संच निवडताना प्रत्येक कार्डावर शब्दाचं लिंग लिहिलेलं असावं: तो ऊस, ती वीट, ते फूल. प्रत्यय लागताना कुठलं रूप होणार ते लिंगावर ठरतं (उसाला, विटेला) आणि मराठी घराबाहेर वाढलेल्या कानाला ते आपोआप येत नाही.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात. शब्द ऐकवून बोटाने स्क्रीनवर लिहायला लावणारं अ‍ॅप घ्यावं. चार पर्यायांतून निवडायला लावणारं टाळावं, कारण वर सांगितलेलंच. कीबोर्डवर टाइप करायचं असेल तर सूचना दाखवणारी पट्टी आधी बंद करावी. ‘वि’ टाकताच ती ‘विहिरीत’ पुढे करते आणि शिकतो तो फोन. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड मुलांना देऊच नये, ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय तिथे मूल घेतच नाही.

घरी करायचा असेल तर

मनासारखा संच मिळाला नाही तर ५६ × ७१ सेंमीचं, म्हणजे २२ × २८ इंची एक कार्डशीट आणावं. साडेपाच इंच बाय साडेतीन इंचाची बरोबर ३२ कार्डं निघतात, कतरण उरत नाही. पुढे शब्द, जाड काळ्या स्केचपेनने, अक्षराची उंची निदान एक इंच. मागे तीन ओळी: प्रत्यय लागलेलं रूप, अनेकवचन, क्रियापदासह छोटं वाक्य. बदललेली वेलांटी किंवा उकार तेवढा लाल. सगळा शब्द लाल केला तर नजर कुठेच थांबत नाही.

लॅमिनेशन करू नये. दिव्याखाली चकाकतं, पेन्सिल चालत नाही, आणि कडेला जागा न सोडता केलं तर रफार आणि मात्रा कापल्या जातात. कार्डं एकत्र ठेवायला कडी लावायची असेल तर भोक वर पाडू नये, शिरोरेषा फाटते. खालच्या उजव्या कोपऱ्यात पाडावं. शब्द मुलाच्या चालू धड्यातलेच घ्यावेत, बालभारतीच्या पुस्तकात धड्याच्या शेवटी दिलेले नवीन शब्द ही चांगली खाण आहे, पण कार्डावर उतरवण्यापूर्वी त्यातले या आठवड्यात वाक्यात येतील असेच निवडावेत.

ऑनलाइन मागवणाऱ्यांना एक अडचण आहे. विक्रेते फोटो टाकतात ते डब्याचे आणि कार्डांच्या पुढच्या बाजूचे. मागच्या बाजूचा फोटो मागावा, खरेदीदारांनी टाकलेले फोटो चाळावेत, परत करायची मुदत वाचावी आणि संच आला की सील फोडण्याआधी वेष्टनावरचा मजकूर वाचून बघावा. मागच्या बाजूचा एकही फोटो कुठेच सापडत नसेल तर, किंमत कितीही कमी असली तरी, तो संच मागवू नये.